बुडख्यावरचा शिक्का

आमच्या घरी नुसतं 'लाकूड' असं काही नव्हतं. भाकरीला हिवर लागायचा, कारण त्याचा जाळ एकसारखा राहतो, उसळत नाही. हुलग्याचे शेंगोळे रटरटत ठेवायचे असले की खैराचा एखादा ठोकळा चुलीच्या पोटात जायचा आणि तासभर तो निखारा धरून बसायचा. आंघोळीच्या पाण्याला पळसाच्या काटक्या चालायच्या. निंब शक्यतो चुलीत यायचा नाही, आलाच तर आईची बडबड सुरू व्हायची, डोळे चोळत, पदरानं नाक पुसत. काटकी हातात घेऊन ती कानाशी मोडायची. टच्च आवाज झाला की वाळली. चिर्र करून वाकली की ती परत बाजूला. दृष्टी अधू झाली तेव्हाही, शेवटच्या वर्षांत, माझ्या नगरच्या फ्लॅटमध्ये गॅसपाशी बसून तिनं एकदा माझ्या नातीच्या हातातली पेन्सिल मोडून कानाशी धरली होती आणि म्हणाली होती, "हे कसलं लाकूड गं, ह्याला आवाजच न्हाई."

हे प्रकरण मी आधी दोनदा लिहिलं आणि फाडलं. दोन्ही वेळा ते गोड झालं होतं. चुलीचा उजेड, शेंगोळ्यांचा वास, डोंगरावरून येणाऱ्या बायकांची रांग. वाचणाऱ्याला वाटलं असतं, काय सुंदर दिवस होते. काही सुंदर होतेही. पण मला त्या दिवसांचा राग आहे, आणि साठी उलटली तरी तो राग निवलेला नाही, तेव्हा तो जसाच्या तसा लिहिते.

आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. बौद्धवाडा गावाच्या पूर्वेला, आणि वाड्याच्या मागून लगेच फॉरेस्टची टेकडी सुरू व्हायची. टेकडी म्हणजे मुरमाड, बोडक्या माथ्याची, पण तिच्या उतारांवर निंब, खैर, शिसव आणि धावड्याचं चांगलं रान होतं. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकायच्या कामाला होते. हंगाम सुरू झाला की महिनोन्‌महिने तिकडेच. त्यामुळे घर आईचं. तिचं नाव भागुबाई. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. दिवसा लोकांच्या रानात खुरपणी, आणि आठवड्यातून दोनदा वाड्यातल्या आणखी दहा बायकांबरोबर टेकडीवर सरपणाला. पुढं आई, मागं बाकीच्या.

त्या टेकडीवर तात्या असायचे. फॉरेस्टात रोजंदारीवर वनमजूर. डोक्याला मळका पटका, खांद्यावर कुऱ्हाड, आणि तोंडात कायम एक धावड्याची काडी. वीस वर्षं टेकडी राखत होते, तरी कायम झाले नव्हते. 'यंदा कायम करतो' हे वाक्य त्यांनी प्रत्येक नव्या साहेबाकडून ऐकलं होतं. रान कसं तोडायचं हे मला तात्यांकडूनच कळलं. होय, तोडायचं. शहरातल्या माणसांना वाटतं रान राखणं म्हणजे झाडाला हात न लावणं. आमच्या टेकडीवर दरवर्षी तोड व्हायची. सरकारनं टेकडीचे पट्टे पाडले होते. एका साली एकच पट्टा तोडायचा, मग त्याला कित्येक वर्षं शिवायचं नाही, आणि त्यात गुरं-शेळ्या सोडायच्या नाहीत. फिरत फिरत पाळी परत तिथं येईपर्यंत झाडं पुन्हा मांडीएवढी झालेली असायची.

"झाड मारायचं न्हाई, कापायचं," तात्या सांगायचे. जमिनीलगत, धारदार कुऱ्हाडीनं, तिरका छेद. तिरका अशासाठी की जमिनीत उरलेल्या बुडख्यावर पाणी थांबून तो कुजू नये. साल सोलपटू द्यायची नाही, कारण सालीखालूनच नवे धुमारे फुटतात. बियाण्यासाठी म्हणून पट्ट्यात ठरावीक अंतरावर मोठी झाडं उभी ठेवायची. आणि कुठलं झाड तोडायचं हे साहेब आधी ठरवून जायचे. त्यांच्याजवळ शिक्क्याचा हातोडा असायचा. झाडावर छातीच्या उंचीला एक ठोका आणि अगदी बुडाशी, मुळाजवळ, दुसरा ठोका. वरचा शिक्का ओंडक्याबरोबर वखारीत जायचा. खालचा बुडख्यावर राहायचा. नंतर कुणीही येऊन पाहावं, बुडख्यावर शिक्का असला तर झाड कायद्यानं गेलं, नसला तर चोरीनं. इतकं साधं होतं ते. न शिकलेल्या माणसालासुद्धा बोटानं चाचपून कळेल असं.

तोड झाली की दुसऱ्या वर्षी एकेका बुडख्यावर दहा-बारा धुमारे यायचे, दाटीवाटीनं. ते तसेच ठेवले तर सगळेच काडीपहिलवान. म्हणून संक्रांतीपासून पावसाळ्यापर्यंत बायका कोयते घेऊन जायच्या आणि धुमारे विरळ करायच्या. दोन जोमदार ठेवायचे, बाकीचे काढायचे. काढलेल्याची मोळी बायकांची. हे तात्यांनीच शिकवलं, आधीच्या गार्डसाहेबांच्या देखत. फॉरेस्टचं काम फुकटात व्हायचं आणि बायकांना जळण मिळायचं. कागदावर हे कुठंच नव्हतं. कागदावर बायकांना फक्त वाळलेलं, पडलेलं लाकूड उचलायची मुभा होती. पण तेव्हा आम्हाला कागदाची काळजी कशाला वाटेल? रान डोळ्यांसमोर वाढत होतं.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात रेंजर बदलला. नवा साहेब गोरा, हसतमुख, कडक इस्त्रीचा. पहिल्याच आठवड्यात वाड्यासमोर जीप थांबवून त्यानं माझ्या आईला 'ताई' म्हटलं होतं. त्याच्या पाठोपाठ कंत्राटदार आला. त्याच्या ट्रकांना पुढं झुलती गोंडेदार माळ असायची आणि हॉर्न असा की वाड्यातली पोरं दचकून रडायची. लाकूड वीटभट्ट्यांना जात होतं. त्या वर्षीच्या पट्ट्याची तोड आटोपली, तरी ट्रक थांबले नाहीत. बाहेरगावचे मजूर आणले होते, त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं, आणि उक्तं काम असल्यानं त्यांना घाई होती. शेजारचा पट्टा गेला. मग त्याच्या शेजारचा. बियाण्याची झाडं गेली. रात्री-बेरात्री लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या, शाळेच्या घंटेच्या वेळेला, आमच्या दारावरून. धुळीनं आमच्या ताटातल्या भाकरीवर थर बसायचा. आई ताटावर पदर धरून जेवायची आणि ट्रक गेला की एकच शब्द बोलायची, "चोर."

एक दिवस बायका मोळ्या घेऊन उतरत होत्या. मीही होते, चुंबळ सारखी करत सगळ्यात मागं. पायथ्याला नवा गार्ड उभा. त्यानं मोळ्या खाली टाकायला लावल्या आणि आईच्या मोळीतला बोटाएवढा एक धुमारा उपसून काढला.

"हे हिरवं हाय."

"व्हय, हिरवं हाय," आई म्हणाली. "दोन ठिवलेत, बाकीचे काढलेत. दर सालचंच हाय. तात्यांना इचारा."

तात्या तिथंच होते. त्यांनी काडी तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली आणि टेकडीकडं पाहिलं.

"नव्या साहेबाची आर्डर हाय. हिरव्याला हात लावायचा न्हाई," गार्ड म्हणाला, आणि त्यानं अकरा कोयते गोळा केले. त्याच वेळी मागून ट्रक आला. गार्ड बाजूला झाला, त्यानं आम्हालाही बाजूला व्हायला सांगितलं. ट्रकवर शिसवाचे ओंडके होते, इतके ताजे की कापाच्या तोंडाला ओल चमकत होती. गार्डच्या एका हातात आमचे कोयते होते आणि दुसऱ्या हातानं त्यानं ड्रायव्हरला सलाम केला. हे मी पाहिलं आहे. कुणी मला म्हणतं, बाई, तुम्ही फार कडवट बोलता, तेव्हा मला तो हात दिसतो.

त्या दिवशी आई घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन टेकडीवर गेली. बुडखे बघत, एकेक. मी बसून बुडाशी माती बाजूला करायची, शिक्का शोधायचा. जुन्या पट्ट्यात प्रत्येकावर शिक्का होता. नव्यात दहा पाहावे तेव्हा एखाद्यावर. आणि तोड कशी! कमरेइतक्या उंचीवर, वेडीवाकडी, साल चिंध्यांसारखी लोंबणारी, काही बुडखे उभे चिरलेले. आई एका धावड्याच्या बुडख्यावर हात ठेवून उभी राहिली. "चोरी केली ती केली," ती म्हणाली, "पर नीट तरी कापायचं व्हतं. ह्याला आता फुटवा येत न्हाई."

मला वाटतं तिला चोरीपेक्षा त्याचाच संताप जास्त होता.

चुन्याची कल्पना तिचीच. एप्रिलातल्या जयंतीसाठी सगळ्या वाड्यानं घरं रंगवली होती आणि घरोघरी मडक्यात थोडाथोडा चुना उरलेला होता. अकराही बायका आल्या. जुन्या केरसुण्यांचे कुंचले केले. नियम एकच, शिक्का असेल त्याला सोडायचं, नसेल त्याला पांढरं करायचं. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी वाड्याच्या ओट्यावरून वर पाहिलं तर टेकडीच्या उतारावर जोंधळ्याच्या लाह्या सांडाव्यात तसे पांढरे ठिपके दिसत होते. काष्टीच्या बाजाराला जाणारी माणसं सायकली थांबवून विचारायला लागली, हे काय आहे म्हणून. वाड्यातल्या म्हाताऱ्याही सांगायच्या, "ती फॉरेस्टनं चोरलेली झाडं हायती."

आणि मग अर्ज. तो मी लिहिला. शाळेत माझं अक्षर पहिल्या नंबरचं. गुरुजी माझी वही दुसऱ्या वर्गात फिरवायचे. कारखान्यातून सुट्टीवर आलेले अण्णा दारात उभे राहून म्हणाले होते, "सरकारशी वैर घिऊ नका. आपुन भाकरीची मानसं." आईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. मी मांडी घालून बसले, रेघी कागद घेतला, वरती डाव्या कोपऱ्यात 'प्रति', उजवीकडं गाव, खाली विषय, सगळं जिथल्या तिथं. बुडखे, शिक्के, ट्रक, सगळं लिहिलं. आणि मग मला वाटलं, आपण कोण आहोत हेही साहेबाला कळायला हवं. आम्ही चोर नाही, आम्ही रान वाढवतो. म्हणून मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं: 'आम्ही बायका दरवर्षी बुडख्यांवरचे धुमारे विरळ करतो. दोन ठेवतो, बाकीचे काढतो. त्यामुळेच हे रान वाढले आहे.' खाली अकरा अंगठे. पहिला आईचा.

अर्ज गेला नगरला, मोठ्या साहेबांकडं. पोस्टानं. आम्हाला वाटलं, मोठे साहेब येतील. पंधरा दिवसांनी जीप आली, पण तिच्यातून उतरला तोच रेंजर. आमचा अर्ज त्याच्या हातात होता. वरून खाली, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात, 'चौकशी करून अहवाल द्यावा' असा शेरा मारून. पुढं आयुष्यभर सरकारी नोकरी केल्यावर मला कळलं की कागदाचा हाच रस्ता असतो. तेव्हा कळत नव्हतं. मी त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

तो विहाराच्या ओट्यावर बसला. बायकांना समोर बसवलं. गार्ड, तात्या आणि गावातला आणखी एक माणूस पंच म्हणून उभे.

"अर्ज कुणी लिहिला?"

"माझ्या लेकीनं," आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता.

"छान अक्षर आहे," तो मला म्हणाला, हसून. मग मोठ्यानं वाचायला लागला. बुडख्यांचं वाचलं नाही, शिक्क्यांचं वाचलं नाही. थेट खाली आला. "'आम्ही बायका दरवर्षी बुडख्यांवरचे धुमारे विरळ करतो. दोन ठेवतो, बाकीचे काढतो.'" तिथं थांबला. कागदाची घडी घातली. "म्हणजे राखीव वनात दरवर्षी हिरवी तोड करता. तुमचंच म्हणणं आहे हे, अंगठ्यानिशी. मला काही वेगळं शोधायला नको."

मी म्हणाले, "साहेब, पुढचं वाक्य वाचा की."

"पुढचं कोर्टात वाचतील."

आई उठून उभी राहिली. "आन ते पांढरे बुडखे? त्ये बघायला या ना वर. चला, मी दावते. एकाला बी शिक्का न्हाई."

"तेच म्हणतो मी, ताई," तो म्हणाला. तेव्हाही 'ताई'. "बेकायदा तोडलेला एकेक बुडखा तुम्हाला बरोबर ठाऊक. ज्यानं तोडला त्यालाच ठाऊक असणार."

पंचनामा तिथंच झाला. चुना खाली मडक्यात होता, तोही मुद्देमाल. गार्डनं तात्यांच्या पुढं कागद धरला. तात्यांना सही येत होती, वाकडीतिकडी, तात्यांनीच एकदा मला कौतुकानं करून दाखवली होती. त्यांनी काडी तोंडातून काढली, कानावर ठेवली, आणि सही केली. आईकडं पाहिलं नाही. त्याच महिन्यात त्यांच्या कायमच्या नोकरीचा कागद वर गेला होता, हे नंतर कळलं. बाकीच्या दहा बायकांना दम देऊन सोडलं, आणि म्होरकी म्हणून एकट्या आईवर गुन्हा घातला. तिला जीपमध्ये बसवलं. ती आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसत होती. लुगडं सारखं करून, सरळ बसली, समोर बघत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी तिला जामिनावर सोडवून आणलं. घरात शिरताना अण्णा मला फक्त एवढं म्हणाले, "तुझ्या अक्षरानं घात केला, सुमे." मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी माझ्या वह्या गोळा केल्या आणि चुलीत घातल्या. कागद भसकन जळतो, त्यावर काही शिजत नाही. माझं अकरावीत नाव घालायचं होतं, मी जाणार नाही म्हणाले. कुणी पत्र लिहून मागायला आलं तर मी हात दुखतो म्हणायची. आणि वर टेकडीवर ट्रक चालूच होते. आता तर त्यांना कुणी काही म्हणायलाच उरलं नव्हतं. गावानंही आमच्याशी तोडून वागायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या अंगणात त्या तोडीतल्या फांद्या पडलेल्या होत्या, फुकटात मिळालेल्या. 'बाईमाणसानं फॉरेस्टच्या नादी लागू नये' असं सांगायला त्याच अंगणांतली माणसं आली. मी त्यांची नावं लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं माझे विद्यार्थी होते, पण मला ती सगळी पाठ आहेत.

पोळ्याच्या आधी एक दिवस आई काष्टीच्या बाजारातून आली. पिशवीत मिरच्या, मीठ, आणि रेघी कागदांची एक घडी. तिनं ती माझ्यापुढं ठेवली.

"लिव्ह."

"मी न्हाई लिहिणार."

"का?"

"माझ्या लिहिण्यानंच—"

"तुझ्या लिव्हन्यानं न्हाई," ती ओरडली. ती माझ्यावर अशी कधीच ओरडली नव्हती. "त्याच्या वाचन्यानं. त्यानं अर्धंच वाचलं. दोष तुझा न्हाई, वाचनाऱ्याचा हाय. पर एक चूक तू केलीस. आमी काय करतो ते त्याला सांगायची गरजच काय हुती? ह्या बारीला 'आमी' हा शब्दच घालायचा न्हाई. त्यांनी काय केलं तेवढंच लिव्ह. कुटला पट्टा, कुटलं झाड, बुडखा किती उंच, शिक्का हाय का न्हाई. बास. आन पोस्टात टाकायचा न्हाई. मी घिऊन जानार, आन घेतल्याचा शिक्का मारून आननार. शिक्का काय फकस्त झाडालाच मारत्यात व्हय?"

पुढं पस्तीस वर्षं मी मराठी शिकवलं. दरवर्षी अर्जलेखन शिकवताना मी फळ्यावर पहिलं हेच लिहायची, की अर्जात स्वतःबद्दल कमी आणि घडलेल्याबद्दल जास्त. मुलांना वाटायचं बाईंचा व्याकरणाचा नियम आहे. तो माझ्या निरक्षर आईचा नियम होता.

आम्ही दोघी पुन्हा टेकडीवर गेलो. पावसानं चुना निम्मा धुऊन गेला होता, तरी खूण कळत होती. सहा दिवस लागले. अर्ज अकरा पानांचा झाला आणि त्यात 'आम्ही' एकदाही नव्हतं. आई एसटीनं नगरला गेली. पहिल्या दिवशी कुणी घेतला नाही. बाकावर बसून राहिली, संध्याकाळच्या गाडीनं परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी कारकुनानं कंटाळून घेतला आणि पोच दिली. ती पोच तिनं पोलक्यात ठेवून आणली, घामानं शाई फुटली होती.

दिवाळीनंतर खरोखरच मोठे साहेब आले, कुणाला न सांगता. गाडी लांब उभी केली. माझी पानं हातात घेऊन तीन तास टेकडी चढले-उतरले, बुडखे बघत. उतरून आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "बाई, हे खरं आहे." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ट्रक बंद झाले.

इथं गोष्ट संपवली तर ती पुन्हा गोड होईल. म्हणून पुढचंही लिहिते. रेंजरची बदली झाली, पण दाट जंगलाच्या भागात. गावात लोक हसले, म्हणाले, मांजराला शिंक्याखालून उचलून दुधाच्या चरवीपाशी ठेवलं. कंत्राटदार भावाच्या नावानं शेजारच्या तालुक्यात तोड करायला लागला. आणि आईवरचा गुन्हा? तो तसाच. मी मोठ्या साहेबांच्या कार्यालयात जाऊन विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, तो वेगळा विषय आहे, तो न्यायालयात आहे. चोरांचा विषय वेगळा आणि चोर दाखवणारीचा विषय वेगळा. सात वर्षं आई श्रीगोंद्याच्या कोर्टात तारखांना गेली. तारखेच्या दिवशी खुरपणीचा रोज बुडायचा. तिथं व्हरांड्यात बसायला जागा नसायची. पुकारा व्हायचा, 'भागुबाई', ती उभी राहायची, पुढची तारीख मिळायची, ती खाली उतरायची. मी बारावी झाले, डीएड झाले, नोकरीला लागले, माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, आईवर केस कसली? मी सांगितलं, धुमारे विरळ केल्याची. ते उठून गेले. बरंच झालं.

टेकडीचं सांगायचं तर चांगल्या कापलेल्या पट्ट्यांत झाडं परत आली, चिरलेल्या बुडख्यांतले बहुतेक मेले. आता तिथं कमान आहे, रंगीत फलक आहे, आणि मोकळ्या जागेवर दरवर्षी खड्डे खणून त्यात गिरिपुष्प लावतात, जे शेळीच्याही जिभेला नको असतं. गेल्या पावसाळ्यात 'सेवानिवृत्त शिक्षिका' म्हणून मला बोलावलं होतं, रोप हातात घेऊन फोटोला उभं राहायला. मी विचारलं, बाजूच्या शिसवाच्या बुडख्यावर नऊ धुमारे आहेत, ते कुणी विरळ करणार आहे का? तरुण अधिकारी गोंधळून म्हणाला, मॅडम, त्याला हात लावायची परवानगी नाही. मी रोप त्याच्या हातात दिलं आणि रिक्षा बोलावली.

खटल्याच्या सातव्या वर्षी तात्यांची साक्ष निघाली. तोवर ते कायम झाले होते, अंगावर खाकी होती. मी आणि आई खाली बाकावर. सरकारी वकिलानं पंचनाम्यावरची सही दाखवली. सही तुमचीच का? होय. बाईला हिरवी तोड करताना पाहिलं का? तात्यांचा हात कानाकडं गेला, तिथं काडी नव्हती. मग म्हणाले, "लई दिस झाले साहेब. आठवत न्हाई." वकिलानं तीनदा फिरवून विचारलं. तीनदा तेच उत्तर. महिन्याभरात निकाल लागला, पुराव्याअभावी निर्दोष. आई सुटली ती तात्यांच्या विसरण्यामुळं. तिनं काही वाईट केलं नव्हतं, उलट केलं ते चांगलं होतं, हे त्या निकालात कुठं लिहिलेलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी तात्या कोर्टाच्या आवारात आले होते. त्यांना यायचं काही कारण नव्हतं. चिंचेखाली उभे होते, डोक्यावर पटका नव्हता. आम्ही बाहेर पडलो तसे पुढं आले. म्हातारे दिसत होते. हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "भागुबाई, सुटलीस बघ एकदाची."

आई थांबली. तिनं पदर डोक्यावरून सारखा केला.

"तात्या, एकच इचारते. खरं सांगा. तुमाला आठवत हुतं का न्हाई?"

तात्यांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"समदं आठवतंय, भागुबाई. मीच शिकवलं व्हतं की तुमाला."

"मंग ते आत सांगायचं हुतं," आई म्हणाली, आणि स्टँडकडं चालायला लागली.